साथीच्या भीतीने आईची तपासणी थांबवू नका

पत्र : आम्ही कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहतो. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. आई ५६ वर्षांची आहे. चौदा वर्षांपासून शुगर, दोन वेळा इन्सुलिन, शिवाय मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं असतं. अण्णा वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी आहेत, त्यांना दमा आहे. २०२० मध्ये आम्ही आईला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. कोरोना झाला नाही, पण पायाची जखम चिघळली आणि २०२१ च्या सुरुवातीला डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. आता बातम्यांत पुन्हा रुग्ण वाढल्याचं येतंय. आईने या महिन्याची तपासणी रद्द केली. घरात बसलं की काही होत नाही, असं म्हणते. बीपीची ती गोळी कोरोनात घातक असते असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, म्हणून तिने तीही अर्धी केली. अण्णा म्हणतात, कामावर नाही गेलो तर खायचं काय? भावाने कुणाच्या तरी यादीवरून औषधांचा किट आणून ठेवलाय. मी ट्रेनने ऐरोलीला नोकरीला जाते, आजार मीच घरी आणेन असं सारखं वाटतं. आम्ही नक्की काय करायचं? – एक मुलगी, कोपरखैरणे

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आज घरी गेलात की आईची टेल्मिसार्टन डॉक्टरांनी लिहून दिली होती तेवढी पुन्हा सुरू करा, आणि मधले किती दिवस अर्धी घेतली ते उद्या त्यांना फोनवर सांगा. ही अफवा नवी नाही. मार्च २०२० पासून ती फिरते आहे. हा विषाणू आपल्या पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गोळ्यांनी ते प्रथिन वाढत असावं, अशी शंका तेव्हा काही संशोधकांनी मांडली होती. शंका रास्त होती, म्हणून ती तपासली गेली. हृदयरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी त्याच महिन्यात सांगितलं की गोळ्या बंद करू नका. पुढे ब्राझीलमध्ये कोरोनासाठी दाखल झालेल्या रुग्णांचे दोन गट केले, एका गटाची गोळी चालू ठेवली, दुसऱ्याची थांबवली. थांबवल्याचा काही फायदा दिसला नाही. शंकेचं उत्तर केव्हाच मिळालं, पण तो मेसेज अजून लोकांच्या गोळ्या बंद करतोय, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मधुमेहात किडनी जपायलाही याच गटातल्या गोळ्यांची मदत होते. आईचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असताना तिने ती अर्धी करणं म्हणजे बीपी आणि किडनी दोन्हीकडून धोका ओढवून घेणं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आईला घरात ठेवायचं का?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कोरोना झाला नाही, पण बोट काढावं लागलं. साथ आली की जुन्या दुखण्याच्या माणसाला दोन धोके असतात. एक त्या विषाणूचा, आणि दुसरा साथीच्या धास्तीने जुनं दुखणंच वाऱ्यावर सोडल्याचा. पहिल्याबद्दल टीव्ही दिवसभर बोलतो. दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि तुमच्या घराने किंमत मोजली ती या दुसऱ्याचीच. शिवाय हे दोन धोके एकमेकांत गुंतलेले आहेत. शुगर तीनशेच्या घरात फिरत असलेल्या माणसाला संसर्ग झाला तर तो जास्त चिघळण्याची भीती असते, आणि संसर्ग झाला की शुगर आणखी वर जाते. म्हणून आईची शुगर, बीपी आणि किडनी ताब्यात ठेवणं हीच कोरोनापासूनची पहिली खबरदारी आहे. मास्क आणि बाकी सगळं त्याच्यानंतर.

टाळेबंदी उठल्यावर माझ्या ठाण्यातल्या दवाखान्यात कितीतरी माणसं अशी आली, ज्यांनी महिनोन् महिने शुगर मोजलीच नव्हती. वर्तकनगरचे एक गृहस्थ होते. हृदय कमजोर, लघवीची गोळी चालू. त्यांची गल्ली बांबू लावून बंद केलेली, नेहमीचं मेडिकल बंद. गोळ्या संपल्या तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आधीच सगळे त्रासात आहेत म्हणून. आले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, आडवं झोपता येत नव्हतं. कोरोनाची तपासणी निगेटिव्ह. एक फोन आणि एक गोळ्यांची पट्टी मिळाली असती तर ही वेळ आली नसती.

तेव्हा आईची रद्द केलेली तपासणी पुन्हा ठरवा. पण तिची भीतीही खोटी नाही हे लक्षात घ्या. बंद हॉलमध्ये खोकणाऱ्या तीस माणसांबरोबर दोन तास बसणं तिच्यासाठी खरंच धोक्याचं आहे. ते टाळता येतं. रक्त-लघवीचा नमुना घरी येऊन नेणाऱ्या लॅब आता कोपरखैरण्यात, वाशीत सगळीकडे आहेत. आधी रिपोर्ट काढा, ते फोनवर डॉक्टरांना पाठवा, आणि प्रत्यक्ष पाहायची गरज आहे का ते त्यांनाच विचारा. जायचं असेल तर सोमवार सकाळ सोडून दुसरी वेळ मागा, नंबर येईपर्यंत बाहेर मोकळ्यावर थांबा, रिक्षाने जा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा असतो. नेहमीचे डॉक्टर फोनवर मिळत नसतील तर सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, मोबाइलवरून फुकट सल्ला मिळतो. ती एप्रिल २०२० मध्ये साथीतच सुरू झाली आणि अजून चालू आहे. पण पाय फोनवर तपासता येत नाही. बोट गेलेला पाय डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायला हवा आणि हातांनी चाचपायला हवा.

पायाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जे एकदा झालं ते पुन्हा होण्याची शक्यता तुमच्या आईला इतरांपेक्षा जास्त आहे. इतक्या वर्षांच्या शुगरने तळव्याची जाणीव बोथट होते. चपलेत खडा गेला, नवा पट्टा घासला, तव्यावरचं तेल उडालं, तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. त्यामुळे दुखण्याची वाट न पाहता रोज बघायचं. रात्री जेवणं झाली की आईला उजेडात खुर्चीवर बसवा, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्या. तळवा, टाच, प्रत्येक बोटाची बेचकी, काढलेल्या बोटाच्या जागेची कड, सगळं बघा. लाल डाग, फोड, ओलसर पांढरी पडलेली कातडी, एका जागी लागणारा गरमपणा, घाण वास, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचे, मग बाहेर साथ असो नाहीतर पाऊस. तुम्ही नसाल त्या दिवशी आईने जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवा बघावा. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसाव्यात. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये, कुरूपाची पट्टीही लावू नये. आणि अनवाणी चालणं बंद, घरातही. देवळात जायचं झालं तर मोजे घालू द्यात, देवाला चालतं.

औषधांचा साठा नेहमीपेक्षा महिनाभराचा जास्त ठेवा. त्याहून जास्त नको, दुसऱ्यालाही लागतात. न फोडलेलं इन्सुलिन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, कारण एकदा गोठलं की ते निकामी. वापरातली बाटली घरात थंड जागी साधारण चार आठवडे चालते. तिच्यावर फोडल्याची तारीख पेनाने लिहा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी बघा, मुदत संपलेल्या पट्ट्या चुकीचे आकडे दाखवतात.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या. आई आजारी पडली, म्हणजे ताप, उलट्या, जुलाब झाले, जेवण जाईना, तर कुठलं औषध चालू ठेवायचं, कुठलं तात्पुरतं थांबवायचं, किती कमी-जास्त करायचं. आपल्याकडे हा कागद फार थोड्या घरांत असतो, आणि रात्री दोन वाजता तोच उपयोगी पडतो. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. आई जेवली नाही म्हणून घरचे इन्सुलिन सरळ बंद करून टाकतात. तापात शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागू शकतं. डोस बदलेल, पण बंद करायचं नसतं. मेटफॉर्मिनचं मात्र वेगळं आहे. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की ती सहसा थांबवायला सांगतात, विशेषतः किडनी कमजोर असेल तर. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असलेली शुगरची गोळी चालू असेल, तर तीही. आणि हो, पाणी खूप गेलं असेल तर टेल्मिसार्टनसुद्धा एक-दोन दिवस थांबवायला डॉक्टर सांगू शकतात. मेसेज वाचून गोळी तोडणं वेगळं, आणि अंगातलं पाणी गेलंय म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन दिवस थांबवणं वेगळं. आईला हा फरक नीट समजावून सांगा, नाहीतर ती म्हणेल, बघ, मेसेज खराच होता.

त्याच कागदावर आकडेही लिहून घ्या. आजारपणात शुगर साधारण चार-चार तासांनी मोजायची. ७० च्या खाली गेली आणि आई शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. लागोपाठ दोनदा ३०० च्या वर दिसली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आईला नकोत, किडनीला त्या बाधतात. मेडिकलवाल्याने आपणहून दिल्या तरी परत करा.

आता भावाच्या किटबद्दल. त्यात काय काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा याद्या मी पाहिल्यात. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं, जंतांवरचं आयव्हरमेक्टिन असतं, आणि कुठेतरी डेक्सामेथासोन किंवा मेथिलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे जिवाणूंवरचं औषध आहे, विषाणूवर त्याचा उपयोग नाही. पण मला भीती आहे ती स्टेरॉइडची. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला त्यांच्यातले मृत्यू डेक्सामेथासोनने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र कितीतरी ठिकाणी साध्या तापातच ते सुरू झालं. स्टेरॉइडने शुगर भडकते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक जिला काळी बुरशी म्हणत, ती सगळ्यात जास्त झाली ती शुगर हाताबाहेर गेलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारला राज्यांना सांगावं लागलं की तिचा प्रत्येक रुग्ण कळवणं सक्तीचं करा. डोळे गेले लोकांचे, जबडे काढावे लागले. भावाने काळजीनेच आणलंय हे मला कळतं, त्याला रागावू नका. पण तो किट डॉक्टरांना दाखवा आणि त्यातलं पॅरासिटामॉल, ओआरएस एवढं ठेवून बाकीचं घराबाहेर काढा. एक अपवाद लक्षात ठेवा. कुणी आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज स्टेरॉइडची गोळी घेत असेल, तर ती एकाएकी थांबवणंही धोक्याचं असतं.

अण्णांचं म्हणणं मला मान्य आहे. माथाडी माणूस घरी बसला की मजुरी बुडते, आणि तुमच्या घरात औषधांचा खर्चही मोठा आहे. मे २०२० मध्ये वाशीचं मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं होतं, ते दिवस अण्णांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. त्यांनी कामावर जावं. पण दमा आटोक्यात ठेवून जावं. त्यांचा रोजचा पंप चालू आहे का हे आधी विचारा. बरेच जण धाप लागल्यावर घ्यायचा पंप तेवढा खिशात ठेवतात आणि रोज घ्यायचा बंद करतात, सवय लागेल म्हणून. सवय लागत नाही. रोजच्या पंपात थोडं स्टेरॉइड असतं हे खरं, पण ते मुख्यतः श्वासनलिकेपुरतं असतं, भावाच्या किटमधल्या गोळीशी त्याची गल्लत करू नका. तो घेऊन चूळ भरली की झालं. तो बंद केला आणि त्यात संसर्ग झाला, तर दमा उसळणार. बिडी ओढतात का हे तुम्ही लिहिलं नाहीत. ओढत असतील तर तुमच्या पत्राचं निमित्त करून सोडायला लावा.

मास्क लावून पन्नास किलोची गोणी वाहा असं मी दम्याच्या माणसाला सांगणार नाही. उघड्यावर माल उतरवताना तोंड मोकळं ठेवलं तरी चालेल. पण बंद गाळ्यात हिशोबाला बसताना, चहाला घोळका करून उभं राहताना आणि पहाटे काचा लावलेल्या टेम्पोतून येताना एन-९५ लावावा, झडप नसलेला. झडपेचा मास्क लावणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. घरी आल्यावर हातपाय धुणं पुरे. भाजी साबणाच्या पाण्यात बुडवू नका, साबण पोटात जातो. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, भेंडी-गवारीवरून नाही.

तुम्हीही ट्रेनमध्ये आणि एसी ऑफिसात तसाच मास्क लावा, नाकावर चिमटून, आणि घरातल्या हवेचं बघा. एका खोलीच्या घरात वेगळी खोली कुठून आणणार? पण खिडकी आणि दार दोन्ही उघडे ठेवून वारा आरपार जाऊ द्या, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट असेल तर तो चालू ठेवा. घरात कुणाला सर्दी-खोकला झाला तर त्याचं अंथरूण हवा बाहेर जाते त्या बाजूला, आईचं हवा आत येते त्या बाजूला, आणि जेवायची वेळ वेगळी. कुणी खोकत असेल तेव्हा घरातही मास्क. खोकणाऱ्या तुम्हीच असाल तर तेवढे दिवस आईचा पाय भावाने बघावा. आजार मी आणेन या भीतीने झोप उडवून घेऊ नका. एवढं केलंत तर तुमच्या हातातलं तुम्ही केलंत.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आत्ताच, सगळे बरे असताना, आई आणि अण्णा दोघांच्या बोटाला लावून आकडा लिहून ठेवा. दम्याच्या माणसाचा नेहमीचा आकडाच कधी कधी कमी असतो, तो माहीत नसेल तर ऐनवेळी घोटाळा होतो. पाच मिनिटं शांत बसून, बोट गार नसताना, नेलपॉलिश काढून मोजा. आजारपणात ९४ च्या खाली गेला, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने उतरला, तर थांबायचं नाही. आकडा चांगला असूनही धाप, छातीत दुखणं, गुंगी किंवा बरळणं असेल तर आकड्याकडे न बघता १०८ ला फोन करायचा. आणि दोघांपैकी कुणालाही ताप आला तर पहिल्याच दिवशी कोरोनाची तपासणी करून घ्या. विषाणूवरची काही औषधं सुरुवातीच्या पाच-सात दिवसांतच उपयोगी पडतात, आणि आईच्या किडनीमुळे त्यांचा डोस डॉक्टरांना बदलावा लागू शकतो.

लसीचं थोडक्यात. १ मार्च २०२१ पासून ४५ वर्षांवरच्या जुन्या आजारांच्या लोकांना लस मिळू लागली, तेव्हा दोघांचेही डोस झाले असतील. पुढचा डोस घ्यायचा का, हे त्यांचे डॉक्टर सांगतील. पण फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची, या दोन लशींबद्दल दोघांसाठीही मुद्दाम विचारा. शुगर आणि दम्याच्या माणसांना त्या बहुतेक वेळा सुचवल्या जातात, आपणच विचारत नाही.

या आठवड्यात आईचं एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन एवढं करून घ्या, अण्णांचा पंप त्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आईला हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. रिपोर्ट आल्यावर आकडे मला कळवा, आणि डाव्या पायाची ती जागा आता कशी दिसते तेही लिहा.